समोरच्या खिडकीचा रोलाडेन

आम्ही त्या गावात राहायला गेलो तेव्हा तिथे एक बेकरी होती, एक खाटकाचं दुकान होतं, पोस्टाची खिडकी असलेलं किराणा दुकान होतं आणि एक गास्टहाउस होतं. गास्टहाउस म्हणजे जेवण, बिअर आणि गावभरच्या चौकशा एकाच छपराखाली. युरोच्या नोटा तेव्हा नव्या कोऱ्या होत्या. त्या नोटा मळेपर्यंत यातलं काहीही उरलं नव्हतं.

हे सगळं कसं गेलं असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. दुकान बंद पडतं तेव्हा काही आवाज होत नाही. एके दिवशी दारावर ग्राहकांचे आभार मानणारा कागद दिसतो, आपण तो वाचून अरेरे म्हणतो आणि गाडीत बसून गावाबाहेरच्या सुपरमार्केटला जातो. मीही तेच केलं. पण समोरच्या घरातल्या म्हातारीचं जे झालं ते मला नीट सांगता येतं, आणि माझ्या मते ती एकच गोष्ट आहे.

नवरा गेर्लिंगेनला एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. तिथली भाडी परवडेनात म्हणून आम्ही टेकडीपलीकडच्या या गावात, गास्टहाउसच्या वरच्या मजल्यावर घर घेतलं. माझ्या सासरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद, आणि इथे सकाळी दहापासून खालून डुकराचं मांस शिजल्याचा वास. पहिला महिनाभर मी उदबत्त्या जाळल्या. मग गास्टहाउसच्या मालकिणीनंच, तिला सगळे विर्टिन म्हणायचे, वर येऊन विचारलं की तुमच्या घरात काही जळतंय का. दोघींनी एकमेकींच्या वासाला नावं ठेवली आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

दुपारी साडेबारा ते अडीच सगळी दुकानं बंद. मी पुण्याची असल्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. मला खटकला तो रोलाडेन. खिडकीच्या बाहेरून उतरणारं फळ्यांचं झाकण असतं ते. आतल्या बाजूला भिंतीत एक पट्टा असतो, तो खाली ओढला की झाकण खर्र करत वर जातं. संध्याकाळी सगळ्या गावाचे रोलाडेन खाली आले की रस्त्यावर उजेडाची एक रेघही यायची नाही. माणसं आत आहेत की नाहीत, जेवतायत की भांडतायत, काही कळायला मार्ग नाही. पुण्यातून आलेल्या बाईला ती शांतता सोसत नाही. मला संध्याकाळची चक्क भीती वाटायची.

पहिल्याच हिवाळ्यात मला ताप आला. नवरा सकाळीच कामावर गेलेला. मी सगळे रोलाडेन तसेच खाली ठेवून दोन दुलया घेऊन पडून राहिले. कधीतरी दारावर धडाधड थापा पडू लागल्या. मी स्वेटर, शाल आणि माकडटोपी अशा अवतारात दार उघडलं, तर समोर विर्टिन, तिच्यामागे रक्ताचे डाग पडलेला एप्रन घातलेला खाटीक आणि त्याच्यामागे समोरच्या घरातली म्हातारी. तिच्या हातात फावडं होतं.

"तुझा रोलाडेन खाली आहे!" विर्टिन ओरडली.

मला असा संताप आला. "माझी खिडकी आहे," मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "मी उघडेन नाहीतर उघडणार नाही!"

ती तिघं एकमेकांकडे बघून हसली. हसण्यापेक्षा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असं म्हणायला हवं. म्हातारीनं फावडं भिंतीला टेकवलं, काही न विचारता माझ्या कपाळाला हात लावला आणि निघून गेली. थोड्या वेळानं ती सूप घेऊन आली. त्यात फक्त भाज्याच आहेत हे तिनं मला चमच्यानं एकेक भाजी वर काढून दाखवलं. फावडं कशाला आणलं होतं असं मी विचारलं. "दार फोडायला," ती म्हणाली.

मग विर्टिननं सांगितलं. काही वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाला एक सुतार एकटा राहायचा. त्याचा रोलाडेन खाली दिसला, लोकांना वाटलं गेला असेल बहिणीकडे. तो घरातच होता, आणि वास आल्यावर ते सगळ्यांना कळलं. तेव्हापासून गावात कुणी न बोलता एक रीत पडली होती. चर्चची आठची घंटा झाली तरी ज्याचा रोलाडेन वर गेला नाही त्याचं दार वाजवायचं. बेकरीवाला आपल्या बाजूची घरं बघायचा, खाटीक आपल्या बाजूची, विर्टिन समोरची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी विसरतही नव्हतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ही तर चक्क हेरगिरी आहे."

"सोसायटीत एखाद्याच्या दाराला दुधाची पिशवी दहापर्यंत लटकत राहिली तर तुझी आई काय करते?" तो म्हणाला.

आई काय करते ते मला पक्कं माहीत होतं. ती सरळ दार वाजवते.

त्यानंतर मीही रोज आठच्या आत पट्टा ओढू लागले आणि ओढता ओढता समोर बघू लागले. समोरच्या म्हातारीचा स्वयंपाकघराचा रोलाडेन माझ्याआधी वर गेलेला असायचा. आमची मुलगी बोलायला लागली तशी तिला ओमा म्हणू लागली, म्हणजे जर्मन आजी, आणि मग आम्हीही. ओमा एकटीच. तिची लेक हॅम्बर्गला. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी एकच विषय काढायची, की आई, घर विकून वृद्धाश्रमात जा. ओमा तो फोन झाला की रागारागानं रस्ता झाडायला बाहेर यायची. "इथे माझ्यावर अख्ख्या गावाचं लक्ष असतं," ती मला म्हणायची. "आश्रमात काय, एक नर्स!"

अख्खं गाव. हे शब्द तिनं म्हटले तेव्हा खरे होते.

आधी बेकरी गेली. बेकरीवाल्याच्या मुलाला ब्योब्लिंगेनकडे गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि पहाटे उठायला बापाचं अंग साथ देईना. त्या जागी पैसे देऊन अंग भाजून घ्यायचं सोनेनश्टुडिओ आला. त्याच्या काचेतून दिवसभर जांभळा उजेड यायचा आणि आत कोण आहे ते दिसायचं नाही. मग खाटकानं दुकानाच्या काचा आतून चुना लावून पांढऱ्या केल्या. तो राहायचा तिथेच वरती, पण आता आठ वाजता शटर उघडून रस्त्यावर उभं राहायचं त्याला काही कारण नव्हतं. मग किराणा आणि पोस्ट दोन्ही एकाच दिवशी गेले. दर वेळी विर्टिन मला एकच वाक्य सांगायची, "आता तो कोपरासुद्धा मलाच बघायला हवा." पहिल्यांदा ते गमतीत होतं. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

गास्टहाउस धूम्रपानबंदीनं बुडालं असं गावात सगळे म्हणतात. मला तेवढं साधं वाटत नाही, पण त्या कायद्यानं शेवटचा धक्का दिला हे खरं. रोजच्या म्हाताऱ्यांचं एक ठरलेलं टेबल होतं, त्याला श्टामटिश म्हणतात. दुसऱ्या कुणाची तिथे बसायची टाप नव्हती. ते म्हातारे थोडे दिवस पाइप ओढायला बाहेर छत्रीखाली उभे राहिले, थंडी वाढल्यावर घरी ओढू लागले, आणि घरी बिअरही स्वस्त पडते हे त्यांच्या लक्षात आलं. विर्टिनचे गुडघे तर कधीचेच गेले होते. एके दिवशी खालून डुकराच्या मांसाचा वास आला नाही. ज्या वासाला मी उदबत्त्या लावल्या तो नाही म्हणून मी जिन्यात उभी राहून रडले, यावर विश्वास ठेवणं माझं मलाच जड जातं.

जायच्या दिवशी विर्टिननं मला खाली बोलावलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. तिनं मला काउंटरच्या मागे नेलं, जिथे ती इतकी वर्षं ग्लास विसळत उभी असायची, आणि समोरची खिडकी दाखवली. तिथून ओमाच्या स्वयंपाकघराची खिडकी अगदी नाकासमोर दिसत होती.

"बाकीचे आपापलं बघतील," ती म्हणाली. "हिचं मात्र तू बघायचं. वरून तर आणखी चांगलं दिसतं." आणि तिनं आपल्या जुडग्यातून ओमाच्या घराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"बघेन," मी म्हटलं.

"रोज."

"हो, रोज."

ती किल्ली मी आमच्या दाराशी, देवघराच्या बाजूच्या खिळ्याला लावली. खालचा मजला रिकामा झाला. मोठ्या फ्रिजची घरघर बंद झाली आणि तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं आपण त्या घरघरीवर झोपत होतो. समोर ओमा, वर आम्ही, आणि मध्ये सगळ्या बंद काचा. सकाळी पट्टा ओढताना माझं आधी तिकडे लक्ष जायचं, मग चहाकडे.

एका सकाळी तिचा रोलाडेन अर्ध्यावर अडकलेला दिसला. मी किल्ली घेऊन स्लिपरवरच धावले. ओमा आत उभी, हातात तुटका पट्टा, आणि हसतेय. हसता हसता मनगट चोळत होती. बोटं सुजलेली होती. तिचं हे रोजचं पट्टा ओढणं किती दुखरं होतं हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगितलं असतं तर बातमी हॅम्बर्गला गेली असती.

माझ्या नवऱ्याला हे कळायचा अवकाश. "एवढंच ना? मोटर बसवू," तो म्हणाला. आमच्या स्वतःच्या न्हाणीघरातला नळ गळायला लागून तीन ऋतू झाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण लोकांच्या घरी हा विश्वकर्मा. शनिवारी त्यानं हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून पट्टा गुंडाळणारी मोटर आणली, दिवसभर खपून ती भिंतीत बसवली आणि उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर बटण दिलं. ओमानं बटण दाबलं, रोलाडेन घूं करत वर गेला आणि तिनं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. जुन्या बेकरीवाल्याची बायको, निवृत्त खाटीक, सगळ्यांना बोलावून तिनं ती मोटर दाखवली. इतकी वर्षं माझा नवरा गावाला वरचा भारतीय होता. त्या दिवशी खाटकानं त्याच्या पाठीवर थाप मारून "गेनाऊ, अचूक, जर्मन काम!" म्हटलं. नवरा आठवडाभर खूश होता. खरं सांगायचं तर मलाही त्याचा अभिमान वाटला.

नोव्हेंबरात ओमा लेकीकडे हॅम्बर्गला गेली. त्या सुमारास आसपासच्या गावांत बंद घरं फोडली जात होती आणि ती घाबरली होती. नवरा म्हणाला, "सोपं आहे. मोटरला घड्याळ आहे. सकाळी आपोआप वर, संध्याकाळी आपोआप खाली. चोरांना वाटेल कुणीतरी घरात आहे." आणि त्यानं ते चालू करून दिलं.

त्या दिवसांत सकाळी मी माझा पट्टा ओढायचे आणि समोर ओमाचा रोलाडेन वर जाताना दिसायचा. घर रिकामं आहे हे मला ठाऊक होतं. तरी कुणीतरी आत उठलंय, आता दिवा लागेल, असंच वाटायचं. दिवा लागायचा नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. मी नवऱ्याला म्हटलंही, की हे बघवत नाही. तो म्हणाला, तेच तर त्याचं काम आहे.

ओमा परत आली. त्या संध्याकाळी मी विचारलं, "अहो, ते घड्याळ बंद केलंत ना?"

"हो हो," तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

या 'हो हो'चा अर्थ लग्न झालेल्या कुठल्याही बाईला सांगावा लागत नाही. एरवी मी पुन्हा विचारलं असतं. पण मुलीला सर्दी झाली होती, कुकरची शिट्टी होत होती, आणि राहिलं. ओमालाही वाटलं की आपोआप होतंय ते बरंच आहे, मनगटाला तेवढाच आराम. तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

डिसेंबरात थंडी कडक झाली. मंगळवारी सकाळी मी पट्टा ओढला, समोर पाहिलं. रोलाडेन वर. मी चहा टाकला. बुधवारी सकाळी जाग आली ती वेगळ्याच शांततेनं. रात्रीतून बर्फ पडला होता. मी पट्टा ओढला, समोर पाहिलं. रोलाडेन वर. मी चहाकडे वळले आणि गॅसपाशी पोचायच्या आत थांबले.

त्या भागात एक कडक शिस्त आहे. बर्फ पडला की आपल्या घरासमोरचा रस्ता ज्यानं त्यानं सकाळीच साफ करायचा. यात ओमा गावात पहिली असायची. अंधारातच तिच्या फावड्याचा खरड खरड आवाज सुरू व्हायचा आणि बाकीचे लाजून उठायचे. मी परत खिडकीशी गेले. सगळ्यांचे रस्ते झाडलेले होते. तिच्या दारापासून फाटकापर्यंत बर्फ तसाच, एकही पाऊल नाही. रोलाडेन सांगत होता की ती उठली आहे. बर्फ सांगत होता की नाही. मग मला नवऱ्याचं ते हो हो आठवलं आणि मी खिळ्यावरची किल्ली घेऊन समोर धावले.

ओमा स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती, टेबल आणि शेगडी यांच्या मधे. टेबलावरचं कापड ओढून तिनं अंगावर घेतलं होतं. डोळे उघडे होते. ती जिवंत आहे हे कळायला मला वाकून तिच्या तोंडाजवळ जावं लागलं. सोमवारी संध्याकाळी पाय घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन बाहेरच्या खोलीत. बटण भिंतीवर, उभ्या माणसाच्या उंचीवर. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, दुलई आणून तिच्यावर घातली आणि तिचा हात धरून खाली बसले. ओठ ओले केल्यावर तिला बोलता आलं.

"पहिल्या रात्री मी घाबरले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, सकाळी रोलाडेन खाली दिसेल आणि तू येशील. तो आपोआप वर जातो हे डोक्यातच आलं नाही."

मी दुलई तिच्या खांद्याखाली खोचली.

"मग तो वर गेला. मी त्याला ओरडून सांगत होते, थांब, थांब, जाऊ नकोस. तो गेलाच. मग मला कळलं, आता कुणी येणार नाही."

अंधारात जितकी भीती असते त्यापेक्षा जास्त भीती तिला त्या खोलीत आलेल्या उजेडाची वाटली असणार. बाहेरून जाणाऱ्या माणसांच्या पावलांचे आवाज तिला येत होते. आणि तिची हाक बंद काचांमधून जात नव्हती.

ओमा वाचली, पण त्या घरात परत आली नाही. लेकीनं तिला हॅम्बर्गजवळच्या आश्रमात नेलं. मी नवऱ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. त्यानं एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही, आणि त्याचाही मला राग यायचा. पण त्या बुधवारी, ॲम्ब्युलन्स तिला मागच्या गल्लीतून हॉस्पिटलात घेऊन गेली त्याच संध्याकाळी, तो किल्ली घेऊन एकटाच समोर गेला, रोलाडेन खाली घेतला आणि मोटर भिंतीतून उपटून काढली. ती हातात घेऊन तो घरी आला आणि बूट न काढताच जिन्यात बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमचा पट्टा ओढला. समोरचा रोलाडेन खाली होता. आठची घंटा झाली आणि आमच्या दाराची बेल वाजली. जुन्या बेकरीवाल्याची बायको होती, गाऊनवर कोट घातलेली. ओमाचा रोलाडेन खाली आहे, म्हणाली, तुझ्याकडे किल्ली आहे ना? आदल्या दिवशीची ॲम्ब्युलन्स कुणाला दिसलीच नव्हती, आणि मी तिला सांगेपर्यंत जिन्यात श्टामटिशवरचे दोन म्हातारे उभे. त्यांच्यामागे पत्रं वाटणारी बाई. ती तर या गावातली नव्हतीही. मी शाल गुंडाळून खाली रस्त्यावर आले. ओमाच्या फाटकाशी आणखी चारजण जमले होते. दुकानं गेली तरी हे सगळे रोज आपापल्या काचेआडून बघतच होते. मंगळवारी त्यांनी पाहिलं होतं, बुधवारीही पाहिलं होतं, आणि रोलाडेन वर दिसल्यावर ते निर्धास्त होऊन चहाकॉफीकडे वळले होते, माझ्यासारखेच.

खाटीक सगळ्यांच्या आधी आलेला दिसत होता. फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ त्यानं साफ केला होता आणि आता दोन्ही हातांनी फावडं धरून तो दाराशी उभा होता. फावडं कशासाठी ते मी विचारलं नाही. वर आमच्या खिडकीत नवरा उभा होता, खिडकी उघडी होती आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

"पण काल तर वर होता," खाटीक मला म्हणाला. "मी स्वतः पाहिला. काल तर वर होता ना?"

"हो," मी म्हटलं. "काल वर होता."